पानशेतचं पाणी, राजगडचा डोंगर आणि डोंगरातलं हॉटेल



पहिला पाऊस पडला की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर पानशेतचे फोटो सुरू होतात. हिरवे डोंगर, भरलेलं धरण, मक्याचं कणीस. या वर्षी चातुर्मास लागण्याआधी सहल काढायचं ठरलं, आणि दोघीतिघींनी मला सांगितलं, "तुम्ही इतिहास लिहिता ना, मग तिथला लिहा. नुसते फोटो काढून यायला नको." म्हणून हा लेख. मी तिथे तीनदा जाऊन आले आहे. पण जे सांगते आहे त्यातलं बरंचसं वाचनातून आणि घरातल्या थोरांकडून आलेलं आहे.

आधी जागा समजून घेऊ. पुण्याहून सिंहगड रस्त्याने खडकवासला मागे टाकून पुढे गेलं की जवळजवळ शेजारी शेजारी दोन धरणं लागतात. एक पानशेत, अंबी नदीवरचं. दुसरं वरसगाव, मोसे नदीवरचं. पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात आणि वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव आहे. हे बाजी याच मोसे खोऱ्यातले, शिवाजी महाराजांच्या अगदी सुरुवातीच्या सोबत्यांपैकी. या दोन धरणांत मिळून साधारण साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. खडकवासला आणि टेमघर धरून चारही धरणांचं एकोणतीस. आपण सकाळी नळाला जे गाळणं बांधतो, त्यातून येणारं पाणी हे.

पानशेतहून खानापूरला मागे येऊन पाबे घाट चढलं की वेल्हे लागतं आणि समोर तोरणा उभा राहतो. उंची 1403 मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. विस्तार इतका की महाराजांनी त्याला प्रचंडगड नाव दिलं. सोळाशे चाळीसच्या दशकात तो स्वराज्यात आला. तिथे दुरुस्ती करताना धन सापडलं आणि ते शेजारच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्च झालं, असं परंपरा सांगते. तो मुरुंबदेवाचा डोंगर म्हणजेच राजगड.

राजगडाला आपण नुसता किल्ला म्हणतो, पण तो एक नांदता संसार होता. रायगडावर राजधानी जाईपर्यंत सुमारे पंचवीस वर्षं महाराजांचं घर इथे होतं. महाराणी सईबाई 1659 च्या सप्टेंबरात इथेच गेल्या. त्या वेळी संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे होते, आणि दोनच महिन्यांनी अफझलखानाचा प्रसंग आला. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, 12 राहिले. त्या बारांत राजगड आणि तोरणा होते. आग्र्याहून सुटून महाराज परत आले ते राजगडावरच. राजाराममहाराजांचा जन्मही 1670 साली इथलाच. आपण इतिहास लढायांच्या तारखांनी पाठ करतो. पण एका घरातलं मरण, जन्म आणि परतणं, तिन्ही याच डोंगरावर झालं, हे कळलं की गड वेगळा दिसतो.

गडावर पद्मावती माची आहे, पद्मावती तळं आहे, पद्मावती देवीचं मंदिर आहे. आपल्यापैकी बऱ्याचजणींना हे नाव ऐकून पार्श्वनाथ भगवंतांची शासनदेवी आठवेल. नाव एकच असलं तरी गडावरची देवी ही तिथल्या लोकांची आहे. उगीच आपला संबंध जोडू नये. हात जोडून पुढे जावं. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात राजगड आहे.

आता धरणाकडे. 12 जुलै 1961 ही तारीख जुन्या पुणेकराला विचारून बघा. पानशेतचं मातीचं धरण तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं. काम 1957 मध्ये सुरू झालं होतं आणि अजून बरंच बाकी असताना त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. पाणी सोडण्याच्या मोरीचं काम अपुरं होतं, तिथून वेगाने पाणी जाऊ लागलं आणि तिच्यावरची माती खचत गेली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे काही तास मिळाले, आणि ते दिवसाचे मिळाले म्हणून कितीतरी जीव वाचले. सकाळी धरण फुटलं. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आला. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं ते दगडी धरणही टिकलं नाही. दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्यात होत्या.

माझ्या सासूबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, माहेर नारायण पेठेतल्या एका वाड्यात. त्या सांगतात, पाणी जिन्याच्या पायऱ्या मोजत वर आलं. त्यांच्या आजीने दागिन्यांचा डबा सोडला आणि पूजेची हस्तलिखित पोथी पदरात बांधून पर्वतीकडे चालायला लागली. पोथी तरीही भिजली. पुढे कित्येक दिवस नातलगांच्या घरी दोरीवर एकेक पान वाळत घातलेलं असायचं. शाई पसरली होती, पण आजीला सगळं पाठ होतं, तिने एका मुलीला बसवून पुसलेली अक्षरं पुन्हा लिहून घेतली. पूर ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल आणि कुजलेल्या धान्याचा वास. आणि गंमत बघा, ज्या शहरात एवढं पाणी आलं त्या शहरात प्यायला पाणी नव्हतं, कारण खडकवासला रिकामं झालं होतं. वाड्यांतल्या विहिरी पुन्हा उपसल्या गेल्या. पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती झाल्या, त्यांतूनच आजचं पुणे नदीपासून लांब पसरलं. पानशेत पुन्हा बांधून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं.

हे झालं शहराचं दुःख. ते निदान सांगितलं जातं. पण धरणाच्या वरच्या बाजूला ज्यांची शेतं, देवळं, घरं कायमची पाण्याखाली गेली, त्यांचा पूर एका दिवसात ओसरला नाही. त्यांची आठवण आपण कुठल्याच तारखेला काढत नाही.

मुलाकडे अमेरिकेत गेले असताना कॅलिफोर्नियातलं योसेमिटी राष्ट्रीय उद्यान पाहिलं आणि तिथे मला सारखं पानशेत आठवत होतं. सरळसोट ग्रॅनाइटचे कडे, धबधबे, आणि खाली अहवानी नावाचं भव्य हॉटेल, 1927 साली उघडलेलं. बाहेरून लाकडी वाटतं, पण आगीच्या भीतीने काँक्रीटला लाकडासारखं रूप दिलेलं आहे. जेवणाचं दालन तर आपल्या एखाद्या मोठ्या मंदिराच्या सभामंडपापेक्षा उंच. आम्ही तिथे उतरलो नाही, ते आपल्या खिशाचं काम नव्हे. दालन बघितलं, बाहेर बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. अहवानी हे त्या दरीचं मूळ नाव, तिथे राहणाऱ्या आदिवासींनी दिलेलं. 1851 मध्ये सशस्त्र तुकडीने त्यांचा पाठलाग करत दरीत प्रवेश केला. त्यांच्या शेवटच्या वस्तीतली घरं 1969 मध्ये पाडली गेली. माणसं गेली आणि त्यांचं नाव हॉटेलला राहिलं.

त्याच उद्यानात हेच हेची नावाची दुसरी दरी होती, लोक म्हणत की पहिलीइतकीच सुंदर. 1906 च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को शहराला पाण्याची गरज होती. निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांनी विरोध केला, पण 1913 मध्ये कायदा झाला आणि 1923 मध्ये धरण पूर्ण होऊन ती दरी बुडाली. राष्ट्रीय उद्यान असूनही. शहराची तहान मोठी असते, तिच्यापुढे डोंगर काय आणि कायदा काय.

आपल्याकडेही डोंगरात हॉटेलं आली. वरसगावच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला दासवे गावाभोवती लवासा हे गिरिस्थान उभं राहिलं. मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली 18 गावं त्या प्रकल्पासाठी 2001 मध्ये जाहीर झाली. रंगीत इमारती, तळ्याकाठचा रस्ता, इटलीतल्या पोर्टोफिनो गावासारखा थाट. शेतकरी आणि कातकऱ्यांनी जमिनीच्या तक्रारी केल्या, आंदोलनं झाली. ओढ्यांवर बंधारे घातल्यावर पुण्याच्या पाण्याचं काय, हाही प्रश्न उठला. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, वर्षभराने अटी घालून परवानगी मिळाली, आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

यात आपल्याला जवळचा एक धागा आहे. लवासामागची मूळ कंपनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन, ती 1926 मध्ये स्थापन केली शेठ वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचे, आपल्या दिगंबर जैन समाजातले. त्यांच्या जहाजांचा आणि कारखान्यांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण नाव आपलं असेल तेव्हा फक्त अभिमानाचा भाग उचलायचा आणि बाकीचं दुसऱ्यांनी बोलायचं, हे मला पटत नाही.

आपल्याकडे श्रावकाच्या व्रतांत परिग्रहपरिमाण आहे, अनर्थदंडविरती आहे. गरजेसाठी होणारी हिंसा वेगळी आणि विनाकारण होणारी वेगळी, हा फरक आपल्याला लहानपणापासून शिकवलेला असतो. पाणी गाळल्यावर गाळण्यावर जे उरतं ते आपण ज्या पाण्याचं त्याच पाण्यात परत सोडतो, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवालाही त्याचं घर आहे असं आपण मानतो. मग ज्यांचं घर डोळ्यांना दिसत होतं त्यांचं काय? मला धरण नको होतं असं मी म्हणत नाही. ते पाणी मी रोज पिते. पण पिण्याच्या पाण्यासाठी घेतलेली जमीन आणि सुट्टीच्या दोन दिवसांसाठी घेतलेली जमीन यांत फरक करायला आपल्याला शास्त्र शिकायची गरज नाही, आपल्या स्वयंपाकघरात तो रोज होतो.

म्हणून सहलीला जरूर जाऊ. चातुर्मास लागायच्या आत, गवतात पाय ठेवताना जीवजंतू कमी असतील अशा वाटेने. राजगड पावसात निसरडा असतो, गुडघे दुखणाऱ्यांनी पायथ्याचं गुंजवणे गाव आणि लांबून गड एवढ्यावर समाधान मानावं. डबा घरचा न्यावा: दशम्या, खाकरे, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे. पाणी गाळून सोबत घ्यावं आणि सूर्यास्ताच्या आधी जेवून उठता येईल असं बघून निघावं. प्लास्टिकची एकही पिशवी तिथे राहू देऊ नये.

आणखी एक करू या. जेवायला एखाद्या गावातल्या ताईच्या अंगणात बसलो, तर तिला विचारू की तुमचं जुनं गाव कुठे होतं. कांदा-लसणाशिवायची भाकरी-आमटी करून द्या म्हटलं की त्या आनंदाने करतात, पैसेही चार घरांत जातात. गावाचं नाव सांगितलं तर लिहून आणा. मंडळाच्या पुढच्या बैठकीत आपण ती नावं वाचू.