नर्सबाई आजी

माझी आजी, म्हणजे आईची आई, पुण्यात परिचारिका होती. सारी आळी तिला 'नर्सबाई' म्हणे. विशी उलटते न उलटते तोच वैधव्य आलं, पदरात तान्ही मुलगी. भावांच्या संसारात राबण्याऐवजी तिनं परिचर्येचं शिक्षण घेतलं.

ही वाट रमाबाई रानडे यांनी पाडून ठेवली होती. त्यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि पुढं तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. परक्या पुरुषांना हात लावायचा, रात्रपाळ्या करायच्या, म्हणून लोक नावं ठेवत. आजीच्या काळातही ते संपलं नव्हतं. नात्यातल्या काही बायका तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत.

आजीच्या नोकरीच्या काळात औषधांचं जग बदललं. १९५५ पासून पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. काचेच्या सिरिंज उकळून ती ते टोचायची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा ती तीन दिवस घरी आलीच नाही. आई तिला डबा पोचवायची. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं, त्या दिवशी तिनं घरात शिरा केला.

ज्या घरांनी पाणी नाकारलं, तिथल्या सुनांची बाळंतपणंही तिनंच केली. वयाच्या ९२व्या वर्षी ती गेली. रमाबाईंचं कार्य पुस्तकांत आहे. त्यांच्या वाटेनं गेलेल्या बायकांचं मात्र घरोघरी विखुरलेलं आहे. तुमच्या घरी अशी आजी असेल, तर तिला विचारा आणि लिहून ठेवा.