रोमच्या वाटेवरचे दोन विद्यार्थी

परदेशी शिकायला गेलेला मुलगा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लंडन येते, फार तर न्यूयॉर्क येते. बॅरिस्टर होण्यासाठी बोटीत बसलेली तरुण मंडळी, त्यांचे पहिले कोट, थंडीने गारठलेले हात आणि घरी लिहिलेली लांबलचक पत्रे, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. परंतु या वाटेच्याही आधीची एक वाट आपल्या कोकण किनाऱ्यावरून निघत होती. ती इटलीस, रोम शहरास जाऊन मिळत होती. त्या वाटेने गेलेल्या दोन विद्यार्थ्यांची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. दोघेही गोव्याचे. एक सतराव्या शतकातला, दुसरा अठराव्या शतकातला. भिवंडीच्या श्रोत्यांना गोव्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ओघात येईलच.

पहिल्याचे नाव मातेउश द कास्त्रो. मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावरचा हा मुलगा, ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला. बारदेशात रेईश मागुश येथे फ्रान्सिस्कन साधूंची पाठशाळा होती, तेथे तो शिकला. धर्मगुरू व्हावे ही त्याची इच्छा. पण गोव्याच्या त्या वेळच्या आर्चबिशपांना देशी तरुणांनी धर्मगुरू होणे मान्य नव्हते. ख्रिस्ती व्हा, असा आग्रह. ख्रिस्ती झालात तरी आमच्या शेजारी वेदीपाशी उभे राहू नका, असा निर्बंध! या दुटप्पीपणाचा जो संताप त्या मुलाच्या मनात साठला, तो अखेरपर्यंत निवाला नाही.

त्याने काय करावे? पोर्तुगीज गलबतावर बसून लिस्बनला जाणे म्हणजे ज्यांनी दार लावले त्यांच्याच अंगणात जाणे. मातेउशने खुष्कीची वाट धरली आणि पश्चिम आशिया ओलांडून 1625 साली तो रोमला पोहोचला. हा काळ ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विजापुरात आदिलशाही नांदत होती, निजामशाही मलिक अंबराच्या हाती होती, आणि शिवछत्रपतींचा जन्म व्हायला अद्याप पाच वर्षे होती.

रोममध्ये त्याचे पाऊल पडले ते नेमक्या वेळी. पूर्वेकडील चर्चमधल्या नेमणुकांचा अधिकार पोपांनी पूर्वी पोर्तुगालच्या राजाला देऊन टाकला होता. या हक्काला ‘पाद्रोआदू’ म्हणत. त्याचे परिणाम रोमला आता खुपू लागले होते, आणि म्हणून 1622 साली पोपने ‘प्रोपागांदा फीदे’ या नावाचे धर्मप्रसाराचे महामंडळ स्थापन केले. त्याचे पहिले चिटणीस फ्रान्चेस्को इंगोली हे देशोदेशी देशी धर्मगुरू तयार झाले पाहिजेत या मताचे होते. म्हणजे गोव्यात जी गोष्ट मागणे उद्धटपणा ठरला, तीच गोष्ट रोममधल्या एका कार्यालयाला हवी होती. गरजू विद्यार्थी आणि गरजू संस्था यांची अशी गाठ पडली. विद्यार्थ्याच्या आयुष्यातले दैव म्हणतात ते बहुधा अशाच ठिकाणी असते.

तो आला तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेले प्रोपागांदाचे महाविद्यालय निघालेच नव्हते. आठवे उर्बन या पोपने ते 1627 साली स्थापिले. म्हणजे आपला विद्यार्थी आधी आला आणि त्याचे कॉलेज मागून आले! अशा नव्या शहरात तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र शिकायचे, तेही लॅटिनमधून. घरात कोंकणी, पाठशाळेत पोर्तुगीज, अभ्यासात लॅटिन आणि बाजारात इटालियन, असा चार भाषांचा संसार त्याला मांडावा लागला. तो त्याने मांडला. 1630च्या सुमारास त्याला दीक्षा मिळाली आणि डॉक्टरही होऊन तो मायदेशी परतला.

गोव्यात त्याचे स्वागत झाले नाही. त्याचे कागदपत्रच खरे नाहीत अशी शंका काढण्यात आली. पुन्हा रोमची वारी झाली. 1637 साली रोमने त्याला बिशप केले आणि ‘इदाल्कान’च्या, म्हणजे आदिलखानाच्या मुलखासाठी आपला प्रतिनिधी नेमले. आता भिवंडीचा संबंध पाहा. 1636 साली मोगल आणि विजापूर यांच्यात जो तह झाला, त्याने निजामशाहीचे कोकण आदिलशहाकडे आले. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तोवर ही ठाणी आदिलशाहीचीच होती. तेव्हा ज्या वीस वर्षांत आपले हे गाव विजापूरच्या नकाशावर होते, त्या वर्षांत कागदोपत्री ते या दिवाडीकर बिशपाच्या कार्यक्षेत्रात मोडत होते. खाडीच्या खालच्या टोकाला वसईचा पोर्तुगीज किल्ला, वरच्या अंगाला आदिलशाही भिवंडी. पाणी एकच, सत्ता दोन. मातेउशचे सारे आयुष्य अशाच दोन सत्तांमधल्या खाडीत गेले. गोव्यात त्याला ठाव मिळेना, म्हणून सीमेपलीकडे, आदिलशाहीतल्या डिचोलीस त्याने बस्तान बसविले.

1653 साली त्याने गोव्याच्या ब्राह्मणांना उद्देशून ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या नावाचे एक जळजळीत पत्रक लिहिले आणि पोर्तुगीजांविरुद्ध उठण्याची हाक दिली. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौज बारदेशावर आली, तेव्हा तिला चिथावणी याचीच, असा पोर्तुगीजांचा आरोप होता. परकीय सत्तेविरुद्धची ही हाक फार आधीची म्हणून आपण तिचा गौरव करू. पण इतिहासाच्या अभ्यासकाने आरसा हातात घेतला की तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला पाहिजे. ही हाक ब्राह्मणांना होती. कातडीच्या रंगावरून आपल्याला दाराबाहेर ठेवले म्हणून चिडलेला हा मनुष्य, जन्मावरून दुसऱ्यांना बाहेर ठेवणारे दार मात्र आपल्याबरोबर रोमला घेऊन गेला आणि तसेच परत घेऊन आला. परदेशगमनाने दृष्टी विशाल होते असे म्हणतात. होते, पण आपोआप होत नाही. 1677 साली मातेउश रोममध्येच वारला.

दुसरा विद्यार्थी जुझे कुस्तोदियु फारिया. हा पुढे ‘आबे फारिया’ म्हणून युरोपात गाजला. त्याचा जन्म 1756 साली बारदेशातल्या कांदोळीचा, म्हणजे ज्या रेईश मागुशला मातेउश शिकला त्याच्या शेजारचा. आईबाप संसारातून विलग झाले. आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली, वडील कायतानु व्हितोरिनु धर्मगुरू झाले. 1771च्या फेब्रुवारीत बापलेक लिस्बनला निघाले आणि नोव्हेंबरात पोहोचले. नऊ महिने समुद्रावर! 1755च्या प्रचंड भूकंपातून लिस्बन तेव्हा नव्याने उभे राहत होते. पुढच्या वर्षी, 1772 साली, सोळा वर्षांचा जुझे रोमच्या प्रोपागांदा महाविद्यालयात दाखल झाला. बापही रोमला जाऊन डॉक्टर झाला. बाप आणि मुलगा एकाच परक्या शहरात विद्यार्थी, हे दृश्य आमच्या मते मोठे हृद्य आहे.

या मुलाचे सुरुवातीचे दिवस ज्या वास्तूत गेले, ती आजही उभी आहे. रोमच्या ‘स्पॅनिश चौका’च्या टोकाशी प्रोपागांदाचा प्रासाद आहे. त्याची चौकाकडची बाजू बेर्निनीची, कडेची बाजू आणि आतले प्रार्थनामंदिर बोर्रोमिनीचे. एकमेकांशी उभे वैर असलेले हे दोन वास्तुशिल्पी एकाच इमारतीत शेजारी नांदत आहेत. आतले प्रार्थनामंदिर बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या तीन राजांच्या नावाचे आहे. ‘रेईश मागुश’ याचा अर्थही तोच. कांदोळीच्या मुलाने हजारो कोस ओलांडले, आणि रोमच्या कॉलेजात त्याला शेजारच्या गावच्या देवळाचेच नाव भेटले! परक्या गावी पहिल्या दिवसांत माणूस अशाच एखाद्या ओळखीच्या शब्दाचा आधार शोधत असतो, हे ज्याने घर सोडले आहे त्याला सांगावयास नको.

या कॉलेजात शिकणाऱ्याला शपथ घ्यावी लागे: शिक्षण संपल्यावर संस्था सांगेल तेथे धर्मकार्यासाठी जाईन, आणि जेथे असेन तेथून तिला आपली खबर कळवीत राहीन. अन्न, वस्त्र, विद्या फुकट. मोबदल्यात सारे आयुष्य बांधून द्यायचे. शिष्यवृत्तीची किंमत रुपयांत नसते, ती करारात असते, हे त्या काळीही खरे होते.

त्याच वास्तूत प्रोपागांदाचा छापखाना होता, आणि येथे मराठी माणसाने क्षणभर थांबावे. ज्या 1771 साली फारिया बापलेक गोव्याहून निघाले, त्याच साली या छापखान्यातून देवनागरी लिपीची ओळख करून देणारे ‘आल्फाबेतुम ब्राम्हानिकुम’ हे लॅटिन पुस्तक देवनागरी खिळ्यांसह बाहेर पडले. आणि 1778 साली, जुझे तेथे शिकत असतानाच, मराठी भाषेचे पोर्तुगीजमध्ये लिहिलेले व्याकरण तेथेच छापले गेले. निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी सर्वसामान्यांची मराठी, असे त्याच्या नावातच म्हटले आहे. निजामशाही 1636 साली बुडाली होती, आदिलशाही 1686 साली. राज्ये गेली, पण त्यांची नावे भाषेला चिकटून रोमपर्यंत गेली. हे दोन मुलूख म्हणजे आपला देश आणि आपले कोकण. आपल्या आजीच्या आजीची बोली टायबर नदीकाठी खिळ्यांत जुळवली जात होती आणि वरच्या मजल्यांवर आपलाच एक मुलगा लॅटिन घोकत होता.

उलटी वाटही होती. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण रोममध्येच येशूसंघात दाखल झाला, 1579 साली गोव्यास आला, आणि येथली भाषा शिकून त्याने 1616 साली मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापले. परक्या भाषेत पहिला शब्द उच्चारताना जीभ अडखळते, ती त्याचीही अडखळली असणार आणि फारियाचीही. फरक एवढाच की स्टीफन्सच्या मागे सत्ता होती; त्याच्या अडखळण्याला हसण्याची येथे कोणाची छाती नव्हती.

रोमला मात्र हसत. तीन राजांच्या सणाला, जानेवारीच्या प्रारंभी, प्रोपागांदाचे विद्यार्थी आपापल्या मातृभाषांत कविता म्हणून दाखवीत. जर्मन महाकवी गटे 1787च्या जानेवारीत या समारंभास गेला होता. त्याने लिहून ठेवले आहे की ते अनोळखी ध्वनी ऐकून श्रोते अनावर हसत सुटले आणि समारंभाचा फार्स झाला. फारिया तोवर कॉलेज सोडून गेला होता, पण प्रथा त्याच्या काळचीच. कोणी मुलगा आईच्या भाषेत चार ओळी म्हणतो आहे आणि समोर सुशिक्षित रोम खिदळते आहे, हे दृश्य आमच्या मनातून जात नाही.

1780 साली जुझेला दीक्षा मिळाली, डॉक्टर ही पदवीही मिळाली. लिस्बनला परतल्यावरची एक आख्यायिका गोव्यात सर्वतोमुखी आहे. राणी पहिली मारिया हिच्यासमोर प्रवचन देताना तरुण फारिया गांगरला, शब्द सुचेना. तेव्हा जवळच बसलेल्या वडिलांनी कोंकणीत हळूच म्हटले, ही सगळी भाजी आहे, काप रे भाजी! आणि मुलाची जीभ मोकळी झाली. आख्यायिका खरी असो वा रचलेली, तिच्यातले मर्म खरे आहे. 1684 साली ज्या कोंकणीवर पोर्तुगीजांनी फर्मान काढून बंदी घातली, ज्या भाषांना रोमचे श्रोते हसले, त्यांपैकीच एक भाषा ऐन प्रसंगी कामी आली.

1761च्या हुकुमाने पोर्तुगालने देशी ख्रिस्ती प्रजेला कायद्यात समान ठरविले होते. कागद आला, पदे आली नाहीत. त्या असंतोषातून 1787 साली गोव्यात पिंटोंचा कट उघडकीस आला, पंधरा जणांना देहान्त शासन झाले, आणि लिस्बनमध्ये संशयाची छाया फारिया बापलेकांवरही पडली. जुझे 1788 साली पॅरिसला गेला. पुढे तेथे त्याने संमोहननिद्रेवर व्याख्याने दिली. निद्रा आणणारी शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या हातातून वाहत नाही, ती निद्रिताच्या स्वतःच्या मनातून येते, हा त्याचा सिद्धान्त पुढील शास्त्राने उचलला. 1819 साली तो पॅरिसमध्ये वारला. गोव्यास परतणे घडलेच नाही. अलेक्झांडर द्यूमाने आपल्या ‘मॉन्टे क्रिस्टो’ कादंबरीत त्याचे नाव घेतले, पण त्या पाद्र्याला इटालियन करून टाकले! पणजीत 1945 साली त्याचा पुतळा उभा राहिला, तेव्हा कांदोळीचा मुलगा एका अर्थी घरी आला.

या दोन चरित्रांतून आम्हांस जे दिसते ते असे. मुलगा परदेशी जातो तेव्हा तो दोन दारांमधून जातो: एक मागे लागलेले, एक पुढे उघडलेले. पुढच्या दाराचे कौतुक आपण पुष्कळ करतो. मागचे दार कोणी लावले, हे विचारीत नाही. गोव्याने मातेउशला घरीच दीक्षा दिली असती, तर त्याला आशिया पालथा घालावा लागला नसता.

आणि भिवंडीला तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. हे गाव मुलांना बाहेर पाठविते त्याहून जास्त माणसांना आत घेते. उत्तरेकडचे मोमीन विणकर आले, तेलंगणातले पद्मशाली आले, मागावर आणि गोदामांत काम करायला आजही रोज कोणी ना कोणी एस.टी.तून किंवा रेल्वेतून उतरतोच आहे. परक्या गावातले पहिले दिवस हा आपल्या गावाचा नित्याचा इतिहास आहे. असा कोणी आपल्या अडखळत्या मराठीत पत्ता विचारतो, तेव्हा आपण काय करतो? रोमच्या त्या श्रोत्यांसारखे हसतो, की फारियाच्या बापासारखे हळूच एक धीराचा शब्द पुरवतो? रोमचा इतिहास रोमपाशी राहू द्या. या प्रश्नाचे उत्तर भिवंडीने आपल्या नाक्यांवर, शाळांत आणि कारखान्यांत द्यावयाचे आहे.