'फोर्ट स्टिकिन' जहाजावरील कापसाची आग

मराठी आरमाराच्या अभ्यासकांस जहाजांची आग म्हटली कीं विजयदुर्ग आठवतो. फेब्रुवारी १७५६ मध्यें तेथें इंग्रजांच्या तोफगोळ्यानें एक जहाज पेटलें आणि शेजारीं उभें असलेलें तुळाजी आंग्रे यांचें आरमार भस्मसात् झालें. तो अग्नि शत्रूनें लाविलेला होता. त्यानंतर १८८ वर्षांनीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा नाश झाला, त्याचा आरंभ मात्र साध्या कापसांत झाला.

या जहाजावर सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं. कराचीस त्यावर कापसाच्या गासड्या चढविल्या, आणि क्रमांक २ च्या कोठारांत खालीं कापूस व वर स्फोटकें अशी रचना झाली. १४ एप्रिल १९४४ रोजीं दुपारीं २ च्या सुमारास तेथील आग ध्यानांत आली. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा.

पाणी अपुरें पडलें म्हणून अनर्थ झाला, हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ९०० टनांहून अधिक पाणी आंत ओतलें गेलें होतें. परंतु दाबून बांधलेल्या गासडीचा विस्तव तिच्या पोटांत धुमसतो. वरून सोडलेलें पाणी बाहेरचा थर भिजवितें, मुळाशीं पोंचत नाहीं. शिवाय गासडी पाण्यावर तरंगते. म्हणजे कोठारांत पाणी जसजसें चढावें, तसतसा जळता कापूस स्फोटकांच्या अधिक निकट यावा, असा हा विपरीत योग होता.

मग उपाय दोनच उरले: जहाज जागींच बुडविणें, किंवा ओढून समुद्रांत नेणें. गोदींतील पाणी बेताचें, आणि जहाजाचें यंत्र दुरुस्तीस काढलेलें. तज्ज्ञांनीं दोन्ही पक्ष मांडले. परंतु ज्याची आज्ञा सर्वांवर चालेल असा एक अधिकारी तेथें नव्हता. वादांत दोन तास गेले. आमच्या मतें खरी उणीव ती.

त्या दिवशीं अग्निशामक दलाचे ६६ जवान कामावर असतां मृत्यु पावले. एकूण मृतांची संख्या ८०० ते १,३०० मानितात. त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्यांच्या शौर्याचें स्मरण योग्यच आहे. तथापि त्यांना पाण्याचे नळ हातीं देऊन निर्णयावांचून उभें ठेविलें गेलें, हेंहि इतिहासानें नोंदविलें पाहिजे.