गुलाबी गाडीची गोष्ट

आज आम्ही एका गाडीची गोष्ट सांगणार आहोत.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ या गाड्यांची जुळणी होऊ लागली. लांबलचक, चकचकीत गाड्या. त्या श्रीमंतांच्याच दारात दिसायच्या.

याच क्रायस्लरने १९५५ मध्ये अमेरिकेत खास बायकांसाठी एक डॉज काढली. तिचं नाव ‘ला फाम’, म्हणजे फ्रेंच भाषेत ‘स्त्री’. बाहेरून रंग गुलाबी आणि पांढरा. आत सीटवर गुलाबी कळ्यांचं कापड. पुढच्या सीटच्या पाठीमागे दोन कप्पे. एकात रेनकोट, टोपी नि छत्री, दुसऱ्यात गुलाबी पर्स. पर्समध्ये कंगवा, पावडर, लिपस्टिकची डबीसुद्धा!

इंजिन मात्र तेच, जे डॉजच्या दुसऱ्या महागड्या गाडीत होतं. नवं काय, तर रंग, कापड आणि पर्स. गाडी फारशी खपली नाही. दुसऱ्या वर्षी रंग जांभळट केला, तरीही नाही. १९५६ नंतर ती बंदच झाली.

त्याच काळात जनरल मोटर्स कंपनीत हार्ली अर्ल हे गाड्यांच्या रचनेचे प्रमुख होते. त्यांनी आपल्या विभागात बायकांना नोकरीवर घेतलं. त्यांना मुख्यतः गाडीच्या आतलंच काम मिळायचं. पण १९५८ मध्ये त्यांनी सजवलेल्या कॅडिलॅक, ब्यूक अशा गाड्यांचं प्रदर्शन भरलं. त्या गाड्यांत काय होतं? लहान मुलाला आतून उघडता येणार नाही असं दार. आपोआप गुंडाळला जाणारा सीटबेल्ट. लेकरू शेजारी घेऊन जाणाऱ्या बाईलाच हे सुचणार!

मैत्रिणींनो, ही गोष्ट आज का सांगितली? आपल्या जालना जिल्ह्यात गटांना यंत्रं मिळतात. कुणी शिलाई मशीन देतं, कुणी डाळ मिल. नवं यंत्र येतं, हार घालतात, फोटो निघतो. पण ते उचलायला किती जड, वीज कधी असते, दुरुस्ती कोण करणार, हे विचारायचं राहून जातं. मग यंत्र कोपऱ्यात धूळ खातं आणि हप्ता मात्र आपण भरतो.

म्हणून पुढच्या बैठकीत ठरावावर सही करण्याआधी प्रत्येकीने एक प्रश्न विचारायचा: हे वापरणाऱ्या बाईला कुणी विचारलं का? उत्तर ‘नाही’ आलं, तर सही थांबवायची.