शेवटचा शब्द वाचणाऱ्याचा

सावेडीतला तरुण मोबाईलवर वाचतो तेव्हा अक्षर केवढे दिसावे हे कोणी ठरवायचे? वेबपान बनवणाऱ्याने की वाचणाऱ्याने?

युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापला फॉन्ट लादत. तो संगणकात नसेल तर मराठीऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसे.

१९९४ मध्ये होकोन व्हिउम ली यांनी पानाच्या मांडणीसाठी सीएसएस सुचवले. त्यात वाचकाच्या पसंतीलाही जागा होती. पण १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत दोघांचेही 'महत्त्वाचे' नियम भिडले, तर पान बनवणारा जिंके. कमी दिसणाऱ्यांना मोठे अक्षर, वेगळे रंग लागतात. म्हणून १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने हा क्रम उलटवला. तरीही २०१४ मध्ये क्रोमने वाचकाला स्वतःचे नियम जोडण्याची सोयच काढून टाकली.

कागदावरचा हक्क म्हणजे काय, हे आपण जाणतो. १९२३ च्या बोले ठरावाने पाणवठे खुले केले, पण चवदार तळ्याचे पाणी १९२७ मध्ये बाबासाहेबांसोबत जाऊनच प्यावे लागले.

पान बनवणाऱ्याची मेहनत मान्य. पण त्याची मांडणी ही सूचना आहे, हुकूम नव्हे. ब्राउझरने वाचकाचे ऐकावे. आणि आपल्या चळवळीच्या संकेतस्थळांवर झूम बंद असेल, तर आधी तो सुरू करा. जय भीम!