प्रार्थना साने गुरुजींची, कसोटी पंढरपूरची

लहान मुलांच्या मनावर सद्गुणांचे संस्कार व्हावेत, या हेतूने रचलेली आणि प्रामुख्याने समूहाने म्हटली जाणारी गीते 'संस्कारगीते' म्हणून ओळखली जातात. मराठी शाळांच्या परिपाठात रुजलेल्या अशा गीतांमध्ये साने गुरुजींच्या 'खरा तो एकचि धर्म' या प्रार्थनेचे स्थान अग्रगण्य आहे. पिढ्यान् पिढ्या मुलांच्या तोंडी असलेल्या या गीताचा आशय आचरणात आणणे किती कठीण असते, याचे दर्शन १९४७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरने घडविले.

शिक्षकाची प्रतिभा

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातील मुलांची शुश्रूषा, त्यांच्यासाठी चालविलेले 'विद्यार्थी' हे नियतकालिक आणि नित्याचा सहवास यांतून त्यांना बालमनाची जाण आली. १९३० मध्ये नोकरी सोडून त्यांनी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेतली. 'श्यामची आई' हे पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले.

रचनेचे वैशिष्ट्य

सात मात्रांचा गट दोनदा येऊन या प्रार्थनेचा चौदा मात्रांचा छोटा चरण सिद्ध होतो. यमके ठसठशीत असून ध्रुवपद वारंवार परत येते. त्यामुळे वाद्यांची साथ नसतानाही मोठा वर्ग ती एका सुरात म्हणू शकतो. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या हिंदी चित्रपटांतील प्रार्थनाही शाळांमध्ये लोकप्रिय झाल्या. या दोन्हींचे संगीतकार वसंत देसाई हे मराठी होते. मात्र त्या प्रार्थनांत ईश्वराकडे मनोबलाचे मागणे आहे. साने गुरुजी मुलांना मागण्याऐवजी काही करण्यास सांगतात. दीनदुबळ्यांकडे स्वतः जावे, त्यांना उठवावे, हसवावे आणि कोणालाही तुच्छ मानू नये, हा या गीताचा गाभा होय.

चोखोबांपासून उपोषणापर्यंत

सोलापूर शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवरील पंढरपुरात मात्र शतकानुशतके अस्पृश्य मानलेल्यांना विठ्ठल मंदिरात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा चौदाव्या शतकात तेथेच गावकूस कोसळून मरण पावले. संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. चोखोबांचे अभंग सर्वत्र गायिले गेले, तथापि त्यांच्या समाजासाठी मंदिराचे दार बंदच राहिले.

हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी प्रथम महाराष्ट्राचा दौरा करून लोकमत जागविले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची गाणी या दौऱ्यात त्यांच्या सोबतीला होती. अनेक गावांनी मंदिरे व पाणवठे खुले केले. पंढरपुरात विरोध कायम राहिल्याने १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण आरंभिले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यानंतर १० मे रोजी ते सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला. मुलांना शिकविलेल्या गीताची किंमत कवीने स्वतः प्राण पणाला लावून मोजली होती. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

आजचे प्रयोजन

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे ज्या सोलापुरात शेजारी नांदतात, तेथे सर्वांना बंधू मानण्याची शिकवण रोजच्या जगण्याशी निगडित आहे. परंतु केवळ पाठांतराने संस्कार होत नाहीत. 'आर्त', 'पददलित' यांसारख्या शब्दांचा अर्थ न उमगताच अनेक मुले ते म्हणत असतात. शिक्षकांनी व पालकांनी तो उलगडून सांगावा, वर्गात एकट्या पडलेल्या सोबत्याजवळ जाऊन बसण्यास मुलांना प्रवृत्त करावे. पंढरपूरच्या सहलीत चोखोबांच्या समाधीपाशी थांबून दहा दिवसांच्या त्या उपोषणाची हकिगत सांगावी. म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेत हीच प्रार्थना म्हणताना ती कोणासाठी आहे, हे मुलांना ठाऊक असेल.