अब्दालीच्या गादीचे पुढे काय झाले?

१/ १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांचा पराभव करणारा अहमदशाह अब्दाली सदोझाई कुळातला. १७४७ मध्ये कंदाहारला अफगाण सरदारांनीच त्याला शाह निवडले होते. सरदारांची संमती हा या गादीचा पाया होता.

२/ पुत्र तैमूरशाहाने राजधानी काबूलला नेली. १७९३ मध्ये वारस न नेमताच तो वारला आणि वीसहून अधिक पुत्रांत कलह पेटला.

३/ गादीवर आलेल्या जमानशाहाने बारकझाईंचा प्रमुख पायंदा खान यास ठार करविले. पायंदाचा पुत्र फतेह खान जमानच्या सावत्र भावाला, महमूदला, जाऊन मिळाला. १८०१ मध्ये जमान पदच्युत झाला. त्याला आंधळे करण्यात आले.

४/ फतेह खान महमूदचा वजीर झाला. पुढे महमूदचा पुत्र कामरान याने त्याचेही डोळे फोडले आणि १८१८ मध्ये त्याची हत्या झाली. त्याचे भाऊ बंड करून उठले. सदोझाईंकडे केवळ हेरात उरले.

५/ त्या भावांपैकी दोस्त मोहम्मदाने १८२६ मध्ये काबूल घेतले. १८३९ मध्ये इंग्रजांनी सदोझाई शाहशुजाला गादीवर बसवले. १८४२ मध्ये तो मारला गेला आणि दोस्त मोहम्मद परतला.

६/ १९७३ मध्ये राजेशाही संपली, तेव्हा गादीवर बारकझाई जहीरशाह होता. त्याला हटवणारा दाऊद खान त्याचाच चुलतभाऊ.